मुलूखमैदान : एका तोफेच्या नांवाची चिकित्सा

१

विजापूरच्या पश्चिमेकडील तटांत शेरजा बुरूज आहे व त्या बुरुजावर जी प्रचंड तोफ ठेवलेली आहे ती महाराष्ट्रांत मुलूखमैदान या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. इंग्रजी गॅझेटियरांतून व अलीकडच्या मार्गदर्शक पुस्तिकांतून तिचें नांव मलिक-इ-मैदान असें दिलेलें असतें. या दोन नांवांचा संबंध काय, या प्रश्नाचें उत्तर बहुधा एकाच वाक्यांत उरकण्यांत येतें : पहिलें नांव म्हणजे दुसऱ्याचा मराठी तोंडीं झालेला अपभ्रंश. हें उत्तर इतक्या वेळां दिलें गेलें आहे कीं त्याला पुरावा मागण्याचें कोणास सुचत नाहीं. तो पुरावा मागावा व मिळेल तितका तपासावा, एवढ्याच हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

विषय एका नांवाचा असला तरी त्याचा परिणाम आपल्या संग्रहांतील कागदांवर होण्यासारखा आहे. मोडी कागदाचें लिप्यंतर करणाऱ्यास मुलूखमैदान हें रूप दिसतांच तें सुधारून मलिक-इ-मैदान असें लिहिण्याचा, निदान पुढें कंस करून त्यांत 'शुद्ध' रूप घालण्याचा मोह सहज होतो. जें रूप अशुद्ध समजून पुसावयाचें तेंच जर या नांवाच्या इतिहासाचें मुख्य साधन ठरत असेल, तर अशी सुधारणा म्हणजे पुराव्याचा नाश होय. याकरितां हा प्रश्न संग्राहकांनीं व संपादकांनीं आपलाच समजावा, अशी आमची विनंति आहे.

२

प्रथम तोफेची हकीकत थोडक्यांत देतों. ही तोफ अहमदनगर येथें हिजरी ९५६ म्हणजे इ. स. १५४९ मध्यें, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दींत, महंमद रूमी या ओतकारानें ओतली. तिची लांबी सुमारें १४ फूट, तोंडाकडील व्यास सुमारें ५ फूट, नळीचा आंतील व्यास २ फूट ४ इंच व वजन सुमारें ५५ टन आहे. तोंडाचा आकार जबडा पसरलेल्या हिंस्र पशूचा असून त्याच्या दाढांत हत्ती सांपडलेला दाखविला आहे. १५६५ च्या जानेवारींत झालेल्या तालिकोटच्या लढाईंत निजामशाही तोफखान्यानें तांब्याचीं नाणीं भरून विजयनगरच्या सैन्यावर मारा केला, असें फिरिश्ता लिहितो. त्या माऱ्यांत ही तोफ होती, असें परंपरा म्हणते. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यांत होती. १६३२ मध्यें आदिलशाहींतील मुरार जगदेव यानें ती तेथून विजापुरास नेली. तिच्याबरोबर निघालेली कडकबिजली नांवाची दुसरी तोफ वाटेंत कृष्णेच्या पात्रांत बुडाली, अशी आख्यायिका आहे.

१६८६ च्या सप्टेंबरांत विजापूर औरंगजेबाच्या हातीं गेलें. १७६० मध्यें उदगीरच्या लढाईनंतरच्या तहानें तें पेशव्यांकडे आलें. १८१८ नंतर सातारच्या छत्रपतींकडे व १८४८ मध्यें सातारचें राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेलें. १८५४ मध्यें निरुपयोगी सामानाबरोबर या तोफेचाही लिलाव पुकारला गेला व तिला अवघ्या १५० रुपयांची बोली आली. स्थानिक अधिकाऱ्यानें लोकांच्या मनांतील तिचा मान ओळखून वर कळविलें, म्हणून तो लिलाव रद्द झाला व तोफ वितळविली जाण्यांतून वांचली.

या हकीकतींतील एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ही तोफ विजापूरची म्हणून प्रसिद्ध असली तरी जन्मानें ती नगरची व नंतरच्या वास्तव्यानें परांड्याची आहे. १५४९ पासून १६३२ पर्यंत, म्हणजे सुमारें ८३ वर्षें, ती मराठी बोलणाऱ्या मुलखांत होती. तिला ओढणारे, तिच्या तळाशीं राबणारे व तिचा आवाज ऐकणारे लोक बहुतांशीं मराठी व दखनी बोलणारे होते. तेव्हां तिचें मराठी नांव म्हणजे दूरदेशींच्या फारसी नांवाची कोणीतरी उशिरां केलेली मोडतोड, हें गृहीत मुळांतच तपासून पाहण्यासारखें आहे.

३

या नांवाच्या अर्थासंबंधीं तीन मतें प्रचलित आहेत.

पहिलें मत इंग्रजी ग्रंथकारांचें. मलिक म्हणजे राजा, मैदान म्हणजे सपाट भूमि. म्हणून मलिक-इ-मैदान म्हणजे 'सपाटीचा राजा'. हेन्री कझन्स यानें विजापूरच्या वास्तूंवर १९१६ सालीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत या तोफेची पुष्कळ माहिती एकत्र केली आहे व त्याचे उपकार मान्यच केले पाहिजेत. परंतु नांवाच्या अर्थाची चर्चा इंग्रजी लेखनांत या भाषांतरापलीकडे फारशी गेलेली नाहीं. शिवाय 'सपाटी' हें भाषांतर अगदींच निर्जीव आहे. फारसींत मैदान म्हणजे मोकळी जागा खरी, परंतु घोडदौडीची, कुस्तीची व विशेषतः युद्धाचीही. मराठींतही आपण मैदान मारतों, मैदान सोडतों, मैदानांत उतरतों. तेथें कोणी सपाट जमिनीचा विचार करीत नाहीं. तोफेच्या नांवांत मैदान म्हणजे रणांगण, यांत संशय घेण्याचें कारण नाहीं.

दुसरें मत लोकांचें. मुलूख मैदान करून टाकणारी, म्हणजे जिच्या माऱ्यापुढें गांव, तट, झाड कांहीं उभें राहत नाहीं ती मुलूखमैदान. ही व्युत्पत्ति ऐकावयास गोड आहे व तोफेस शोभणारीही आहे.

तिसरें मत थोडेंफार फारसी जाणणाऱ्यांचें. त्यांच्या मतें पहिलें पद मालिक, म्हणजे धनी, असें आहे. मलिक हें लिहिण्याच्या आळसानें झालें. या मतास एक आधार दाखवितां येण्यासारखा आहे व तो वरवर पाहतां भक्कम दिसतो. त्याचा विचार आतां करूं.

४

तोफेवर कोरलेले लेख आहेत. ओतकाराच्या वेळच्या लेखांत त्याचें स्वतःचें नांव, आश्रयदात्या निजामशहाचें नांव व हिजरी ९५६ हें साल आहे. तोफेचें नांव त्यांत नाहीं. तोफेचें नांव येतें तें १३७ वर्षांनंतरच्या लेखांत. विजापूर घेतल्यावर औरंगजेबानें चार चरणांचा एक फारसी पद्यलेख तिच्यावर कोरविला. त्याचा आशय असा : धर्मरक्षक बादशहा आलमगीर यानें न्याय दिला व राजांचें राज्य घेतलें, त्यानें विजापूर जिंकलें आणि या विजयाच्या तारखेसाठीं यशानें मुख दाखवून म्हटलें कीं त्यानें ही तोफ घेतली. शेवटच्या चरणांत तोफेचें नांव आहे व तेथेंच कालश्लेष साधला आहे. फारसी कवि अक्षरांच्या संख्यांनीं साल सांगतात, जसे आपले शिलालेखकार भूतसंख्यांनीं सांगत असत. लेखाचें साल हिजरी १०९७ आहे. हें साल १६८५ च्या नोव्हेंबरपासून १६८६ च्या नोव्हेंबरपर्यंत चालतें. म्हणजे विजापूरच्या पाडावाशीं तें बरोबर जुळतें.

आतां अक्षरें मोजूं. पहिलें पद मीम, लाम व काफ या तीन अक्षरांचें धरल्यास ४०, ३० व २० मिळून ९० होतात. मैदान या शब्दांत मीम ४०, ये १०, दाल ४, अलिफ १ व नून ५०, एकूण १०५. पुढें कर्मदर्शक 'रा' : रे २०० व अलिफ १, एकूण २०१. शेवटीं 'घेतलें' या अर्थाचें क्रियापद गिरिफ्त : गाफ हें काफाप्रमाणें २०, रे २००, फे ८०, ते ४००, एकूण ७००. या चारांची बेरीज १०९६ येते. साल हवें १०९७. एक कमी पडतो.

तिसऱ्या मताचा आधार तो हाच. मलिक न वाचतां मालिक वाचावें म्हणजे एक अलिफ वाढतो, त्याची संख्या १, व बेरीज बरोबर १०९७ होते. गणित इतकें नेटकें जुळल्यावर वाद मिटला असें कोणासही वाटेल. परंतु आम्हांस हा निर्णय मान्य करतां येत नाहीं, व त्याचें कारण खुद्द त्याच चरणांत आहे.

५

तो पद्यलेख रमल नांवाच्या वृत्तांत आहे. गुरु, लघु, गुरु, गुरु असा गट तीनदां व शेवटीं गुरु, लघु, गुरु, अशी त्याची चाल. संस्कृत परिभाषेंत बोलावयाचें तर प्रत्येक गट म्हणजे एक र-गण व त्यापुढें एक गुरु. अखेरचा गट नुसता र-गण. मराठी गझलांत हेंच वृत्त माधव जूलियन यांच्या परिभाषेंत देवप्रिया म्हणून ओळखलें जातें. तोफेचें नांव चौथ्या चरणाच्या तिसऱ्या गटांत पडतें. त्यामागून येणारे 'रा गिरिफ्त' हे शब्द अखेरचा र-गण पूर्ण करतात. म्हणजे नांवाला चारच अक्षरांची जागा आहे : गुरु, लघु, गुरु, गुरु.

या जागेंत तीन पाठ बसवून पाहूं. मालिक-इ-मैदान : मा, लि, कि, मै, दान, हीं पांच अक्षरें झालीं, एक अधिक. मलिक-इ-मैदान : म, लि, कि, मै, दान, येथेंही पांच, शिवाय पहिलें अक्षर लघु. मुल्क-इ-मैदान : मुल्, कि, मै, दान, गुरु, लघु, गुरु, गुरु. चारही अक्षरें आपापल्या जागीं बसलीं. अंतीं येणारा नून दीर्घ स्वरामागून आल्यामुळें फारसी छंदांत निराळा मोजला जात नाहीं, हें जाणकारांस सांगावयास नको.

याला दुसऱ्या चरणाचा पाठिंबा आहे. 'राजांचें राज्य घेतलें' असें त्या चरणांत म्हटलें आहे व तेथें राज्याचा वाचक शब्द मुल्क हाच असून तो त्याच जागीं, तिसऱ्या गटाच्या आरंभीं, आला आहे. राजे या शब्दाचें अनेकवचन शाहान व आपलें मैदान यांचें यमक आहे. त्यांपुढील 'रा गिरिफ्त' हें दोन्ही चरणांचें समान पालुपद आहे. दुसऱ्या चरणांत राजांचा मुल्क घेतला, चौथ्यांत मैदानाचा मुल्क घेतला. ही जोडणी कवीनें जाणूनबुजून केली आहे. एकीकडे तोफेचें नांव व दुसरीकडे रणभूमीचें राज्य, असा तो श्लेष आहे.

मग कमी पडणाऱ्या एकाचें काय? त्याचाही हिशेब कवीनें दिला आहे. यशानें मुख दाखविलें, असें तो म्हणतो. यशाचा वाचक शब्द इक्बाल, त्याचें मुख म्हणजे त्याचें पहिलें अक्षर, तें अलिफ, अलिफाची संख्या १. कालश्लेषांत संख्या कमी पडल्यास ती अशा सूचक शब्दानें भरून काढण्याची रीति फारसी कवींत रूढ आहे व तिला तामिया असें नांव आहे. १०९६ मध्यें हा १ मिळविला कीं १०९७ होतात. उलटपक्षीं, मालिक हा पाठ घेऊन वर इक्बालचें मुखही मोजलें तर १०९८ होतात व साल चुकतें. आणि तें मोजलें नाहीं तर 'मुख दाखविलें' ही सूचना निरर्थक ठरते. म्हणून वृत्त, यमक, संख्या व सूचना या चारांचा मेळ एकाच पाठानें बसतो. तो पाठ अलिफरहित आहे व त्याचें पहिलें अक्षर जोडाक्षरामुळें गुरु झालेलें आहे.

येथें एक आक्षेप निघेल. अरबींत मलिक या शब्दाचें मल्क असेंही एक रूप चालतें व त्याचाही अर्थ राजाच. मल्क-इ-मैदान असें वाचल्यास वृत्त बिघडत नाहीं व राजा हा अर्थही टिकतो. आक्षेप योग्य आहे. तीन अक्षरांच्या उघड्या लेखनावरून पहिला स्वर अ कीं उ हें ठरत नाहीं, आणि वृत्तावरूनही तें ठरत नाहीं. दुसऱ्या चरणांतील मुल्क शब्द उकाराच्या बाजूचा आहे, पण तेवढ्यावर निकाल देणें उतावीळपणाचें होईल. निकाल देणारा साक्षी फारसीच्या बाहेर आहे, व तो म्हणजे ज्याला आपण आजवर अडाणी म्हणत आलों तो मराठी शब्दच.

६

फारसी-अरबी शब्द मराठींत येतांना वाटेल तसे मोडत नाहींत; त्यांच्या मोडण्यास नियम आहेत. राजवाडे यांनीं साधनांच्या आठव्या खंडाच्या प्रस्तावनेंत फारसीचा मराठीवर झालेला परिणाम तपासला, व माधवराव पटवर्धन यांचा फार्शी-मराठी कोश १९२५ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळानें प्रसिद्ध केला, तेव्हांपासून ही गोष्ट अभ्यासकांस परिचित आहे. तो कोश हाताशीं ठेवून आपल्या तिन्ही शब्दांचा मार्ग पाहूं.

मालिक याचें मराठींत मालक झालें. आद्य दीर्घ आ टिकला, मधला इकार गेला. मुलूखमैदान या रूपांत आ नाहीं. म्हणून मालिक येथेंही बाद होतो.

मलिक हा शब्द मराठींत मलिकच राहिला. याला निजामशाहीचाच दाखला आहे. मलिक अंबर हा त्या राज्याचा कर्ता पुरुष. त्याचें नांव मराठी तोंडीं मलिकंबर झालें. ज्या मराठी माणसांनीं ही तोफ नगरास व परांड्यास पाहिली त्यांनीं, त्यांच्या मुलांनीं व नातवांनीं मलिकंबर म्हटलें. मुलूखंबर असें कोणी म्हटलें नाहीं. एकाच काळीं, एकाच मुलखांत, एकाच तोंडानें मलिक शब्द एका नांवांत जसाच्या तसा ठेवावा व दुसऱ्या नांवांत त्याचे दोन्ही स्वर व शेवटचें व्यंजन बदलून टाकावें, हें संभवत नाहीं.

मुल्क याचें मात्र मराठींत मुलूख होणें अगदीं नियमाचें आहे. अंत्य जोडाक्षर मराठीस जड वाटतें, म्हणून मध्यें स्वर येतो, आणि तो स्वर मागील स्वरासारखा असतो : हुक्म याचें हुकूम, जुल्म याचें जुलूम, तसेंच मुल्क याचें मुलूख. फरक, जखम, खतम या शब्दांत मागें अकार असल्यामुळें मध्येंही अकार आला. अंत्य ककाराचा खकार होण्यालाही जोड आहे : वक्त याचें वखत झालें. मधला इज़ाफ़तीचा इकार गळणें हेंही नेहमींचेंच. रुस्तुम-इ-जमान या आदिलशाही सरदारास मराठे रुस्तुमजमान म्हणत व खान-इ-जहान यास खानजहान. या सर्व नियमांनीं मुल्क-इ-मैदान याचें मराठी रूप करावयास बसलें तर मुलूखमैदान हेंच हातीं येतें, दुसरें येत नाहीं.

आमच्या वसमतेकडे हा प्रवास अजून कानांनीं ऐकतां येतो. हा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामी राज्यांत होता व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्यामुळें पुस्तकी रूप व बोलींतलें रूप हीं दोन्ही येथें शेजारीं नांदत आलीं. उर्दू वाचणारा मुल्क असें वाचतो. तोच घरीं दखनी बोलूं लागला कीं मुलुक म्हणतो. आणि बांधापलीकडचा मराठी शेतकरी मुलूख म्हणतो. खुद्द गांवाचें नांव मराठींत वसमत तर निजामी दप्तरांत बसमत. वकार-बकाराच्या या अदलाबदलींस कोणी अडाणीपणा म्हणत नाहीं; दोन भाषांचा शेजार असला म्हणजे उच्चार असे नियमानें बदलतात. मुलूखमैदान या रूपाकडेही त्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे.

यावरून वरील आक्षेपाचा निकाल लागतो. वृत्तानें सांगितलें कीं पहिलें पद मुल्क किंवा मल्क असावें. मराठी रूपानें सांगितलें कीं तें मुल्क होतें. हे दोन साक्षी एकमेकांस ओळखत नाहींत. एक बादशाही कवि, दुसरा मराठी बोलणारा सामान्य माणूस. दोघांची जबानी जुळते, म्हणून ती विश्वसनीय मानावी.

७

मग मलिक-इ-मैदान हें नांव खोटें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. शस्त्रास व्यक्ति समजून त्यास राजा म्हणणें स्वाभाविक आहे. शस्त्रास 'राज्य' म्हणणें तितकें स्वाभाविक नाहीं. नांव ठेवणाऱ्याच्या मनांत राजा असावा, असें अर्थावरून वाटतें. परंतु तीन अक्षरांच्या त्या लेखनांत दोन्ही उच्चार सामावतात, आणि बोलणाऱ्यांच्या तोंडीं उकारयुक्त उच्चार बसला, असें पुराव्यावरून दिसतें. १६८६ च्या कवीनें तोच चालता उच्चार उचलला व त्यावर श्लेष रचला. श्लेष ऐकणाऱ्यास कळावयाचा तर उच्चार त्याच्या ओळखीचाच असावा लागतो. सारांश, मलिक हें नांवाचें बीज व मुल्क हा त्याचा रूढ उच्चार. आणि मराठी मुलूखमैदान हा त्या रूढ उच्चाराचा सरळ वारस. त्याला मलिकाचा अपभ्रंश म्हणणें म्हणजे नातवाला आजोबांचा बिघडलेला मुलगा म्हणण्यासारखें आहे.

आतां लोकांच्या व्युत्पत्तीकडे वळूं. मुलूख मैदान करणारी, हा अर्थ मूळचा नव्हे. परंतु तो कां सुचला हें व्याकरणानें उत्तम समजतें. फारसी इज़ाफ़तींत प्रधान पद आधीं येतें व विशेषण किंवा षष्ठ्यर्थ मागून येतो. संस्कृतांत व मराठींत तत्पुरुषाचें उत्तरपद प्रधान असतें. मधला इकार गळाला कीं इज़ाफ़तीची खूण नाहींशी होते व उरलेला शब्द मराठी कानास समासासारखा लागतो. मुल्क-इ-मैदान म्हणजे मैदानाचा मुलूख. मुलूखमैदान म्हणजे मात्र मुलखाचें मैदान. क्रम तोच, संबंध उलटा. आणि तोफ मुलखाचें मैदान करते हें तर प्रत्यक्षच होतें. तेव्हां मराठी मनानें नांव जसेंच्या तसें ठेवून त्यांत नवा विग्रह भरला. शब्द शाबूत राहून अर्थ बदलला, एवढेंच येथें घडलें. यास शब्दाचा अपभ्रंश म्हणतां येत नाहीं.

८

इतर तोफांच्या नांवांशीं ताडून पाहिलें तर हें अधिक स्पष्ट होईल. दौलताबादच्या प्रसिद्ध तोफेवर औरंगजेबाच्या नांवाबरोबर किलाशिकन, म्हणजे किल्ला फोडणारी, असें नांव कोरलें आहे. लोक मात्र तिच्या मागील बाजूस असलेल्या मेंढ्याच्या मुखावरून तिला मेंढा तोफ म्हणतात. तेथें कोरलेल्या नांवाचा व लोकांच्या नांवाचा कसलाही संबंध नाहीं. दरबारानें गुणावरून नांव दिलें, लोकांनीं रूपावरून दिलें. विजापुरासच लांडा कसाब नांवाची तोफ आहे. त्यांत लांडा हें देशी पद व कसाब हें अरबी. कडकबिजली हें नांव आवाजावरून. उंटावरील लहान तोफेस जंबुरका म्हणत. फारसींत जंबूर म्हणजे गांधीलमाशी, व तिच्या डंखावरून तें नांव.

अर्थ लावतांना मूळ बोली न पाहिल्यास काय होतें, याचें उदाहरण विजापूरच्या उपली बुरुजावरील लांब तोफेचें आहे. सुमारें ३० फूट लांबीच्या या तोफेस लमछडी म्हणतात. इंग्रजी मार्गदर्शकांतून याचा अर्थ 'दूर उडविणारी' असा दिला जातो. वास्तविक लम म्हणजे लांब व छड म्हणजे काठी किंवा नळी. लमछड हा लांब नळीच्या बंदुकीचा वाचक शब्द हिंदींत रूढ आहे. डोळ्यांसमोर ३० फुटांची नळी असतां नांवाचा अर्थ तिच्या माऱ्यांत शोधावयास जाण्याचें प्रयोजन नव्हतें. बोलीकडे दुर्लक्ष करून केवळ तर्कानें अर्थ लावण्याची ही जी संवय, तिनेंच मुलूखमैदानास अपभ्रंश ठरविलें.

दौलताबादेस लोकांनीं दरबारी नांव टाकून आपलें नवें ठेविलें. विजापूरच्या तोफेच्या बाबतींत त्यांनीं दरबारी नांव टाकलें नाहीं. तें इतक्या निष्ठेनें जतन केलें कीं मूळ उच्चार कोणता हें आज त्यांच्याकडूनच शिकावें लागतें. आणि ती तोफ थंड पडल्यावरही नांव चालूच राहिलें. सभा गाजविणाऱ्या, प्रतिपक्षास धारेवर धरणाऱ्या वक्त्यास मराठींत मुलूखमैदान तोफ म्हणतात. ज्यानें विजापूर पाहिलें नाहीं तोही हा शब्दप्रयोग बिनदिक्कत करतो. मलिक-इ-मैदान म्हणून कोणा वक्त्याचा गौरव झालेला आमच्या ऐकिवांत नाहीं. जिवंत नांव कोणतें, हें यावरून ठरवावें.

९

या विवेचनाचा व्यवहारांत उपयोग तो असा. १७६० ते १८४८ या अवधींत विजापूरचा कारभार मराठी दप्तरांतून चालला. त्या काळच्या कागदांत, यादींत, तोफखान्याच्या झाड्यांत या तोफेचा उल्लेख जेथें सांपडेल तेथें तो अक्षरशः छापावा. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहींत. म्हणून मुलुख कीं मुलूख यावरून अनुमान काढूं नये. परंतु उकाराची खूण आहे कीं नाहीं, अंत्य व्यंजन क आहे कीं ख, मधला इकार शिल्लक आहे कीं गळाला, या तीन गोष्टी मोडींत स्वच्छ दिसतात व त्या तिन्ही येथें निर्णायक आहेत. संपादकानें मलिक असें 'शुद्ध' करून छापलें कीं तिन्ही एकदम जातात व पुढील अभ्यासकास मूळ कागद पुनः धुंडाळावा लागतो. तो तोंपर्यंत वाळवीच्या मुखीं पडला असल्यास प्रश्नच मिटला.

आमच्या मताविरुद्ध जाणारा पुरावा कोणत्या स्वरूपाचा असावा लागेल, हेंही सांगून ठेवतों. १६३२ पूर्वीच्या एखाद्या मराठी कागदांत अकारयुक्त मलिकमैदान असें रूप आढळलें, तर मराठी रूप दोनदां घडलें असें मानावें लागेल व वरील क्रम बदलावा लागेल. तसा कागद ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं तो जरूर प्रसिद्ध करावा. पक्ष कोणाचाही पडो, नांवाचा इतिहास उजेडांत येणें हें महत्त्वाचें. तूर्त मुलूखमैदान हें रूप जेथें जसें असेल तेथें तसेंच छापावें, व त्यापुढें शुद्धीचा कंस घालूं नये, एवढें या त्रैमासिकाच्या वाचकांनीं पाळल्यास आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.